राजापूरची वखार व परकीय कंपनीस दिलेलीं कलमें

परक्या राजाच्या मुलखांत, स्वतः तेथील रहिवासी न होतां, व्यापाराची मंडळी उभी करावयाची तर काय काय लागतें, हा प्रश्न आज कायदेपंडितांचा समजला जातो. आमच्या इतिहासांत तो अत्यंत स्पष्टपणें उपस्थित झाला तो कोंकणच्या बंदरांत. आणि त्याचें उत्तर देणारे लोक राजे, मुत्सद्दी व दुभाषे होते. सामान्य समज असा आहे कीं, पाश्चात्य कंपन्या येथें आल्या तेव्हां त्या काय वस्तु आहेत हें आमच्या राज्यकर्त्यांस उमगलें नाहीं. त्यांनीं भोळेपणानें जागा दिल्या, सवलती दिल्या आणि अखेर राज्य गमावलें. हा समज सरसकट खरा नाहीं, निदान मराठी राज्याच्या पहिल्या दोन पिढ्यांपुरता तरी खरा नाहीं, असें आमचें मत आहे. व्यापाराची सवलत निराळी व राज्याच्या अधिकाराचा अंश निराळा, हा भेद त्यांनीं ओळखला होता. प्रस्तुत लेखांत राजापूरच्या वखारीच्या हकीकतीवरून हें दाखविण्याचें योजिलें आहे.

१. शास्त्रांतील परदेशी व्यापारी

प्रथम जुन्या शास्त्राचा विचार काय होता तें पाहूं. कौटिल्याचें अर्थशास्त्र १९०९ सालीं छापून प्रसिद्ध झाल्यापासून या विषयावर बराच प्रकाश पडला आहे. पण्याध्यक्षाच्या प्रकरणांत कौटिल्य सांगतो कीं, परभूमींत उत्पन्न झालेला माल राजानें अनुग्रह दाखवून आणवावा. तो आणणाऱ्या नाविकांस व सार्थवाहांस करांत सूट द्यावी. आणि आगंतुक व्यापाऱ्यांवर पैशाच्या बाबतींत दावे चालूं देऊं नयेत. ज्यांचा येथील मंडळ्यांशीं संबंध जडला आहे अशांचा मात्र त्यांत अपवाद आहे. याज्ञवल्क्यस्मृतींत संभूयसमुत्थान, म्हणजे अनेकांनीं भांडवल एकत्र करून केलेला व्यापार, हें स्वतंत्र व्यवहारपद आहे. लाभ व तोटा भांडवलाच्या प्रमाणांत किंवा ठरलेल्या कराराप्रमाणें वांटावा असें तेथें म्हटलें आहे. आणि भागीदार देशांतरीं मरण पावला तर त्याचें द्रव्य वारसांनीं, बांधवांनीं, ज्ञातींनीं किंवा परत आलेल्या सोबत्यांनीं घ्यावें, आणि यांपैकीं कोणीच नसेल तर तें राजाकडे जावें, अशी व्यवस्था आहे.

यावरून परदेशी व्यापारी व भागीदारीची मंडळी या दोन्ही गोष्टी शास्त्रकारांस पूर्ण परिचित होत्या हें उघड आहे. परंतु एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. शास्त्रानें कल्पिलेला व्यापारी स्वतः गलबतावर चढून येतो. त्यानें अपराध केला तर तो हातीं सांपडतो. मेला तर त्याचे वारस शोधतां येतात. ज्या मंडळीचे मालक समुद्रापलीकडे बसतात, कधींच येत नाहींत, आणि ज्यांचे केवळ पगारी गुमास्ते येथें वावरतात, अशी मंडळी शास्त्रकारांच्या डोळ्यांपुढें असल्याचें दिसत नाहीं. सतराव्या शतकांत हीच नवी वस्तु कोंकणच्या किनाऱ्यास लागली.

२. मालक लंडनांत, गुमास्ते राजापुरांत

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीस राणी एलिझाबेथनें ३१ डिसेंबर १६०० रोजीं सनद दिली. प्रारंभीं या कंपनीचें भांडवल एकेका सफरीपुरतें जमवीत व सफर संपल्यावर हिशेब करून वांटून टाकीत. पुढें तें कांहीं वर्षांच्या मुदतीचें झालें. आणि १६५७ च्या सनदेनंतर कायमचें झालें. हा फरक वरवर हिशेबाचा वाटतो. पण त्याचा अर्थ मोठा आहे. सफरीपुरती मंडळी सफरीबरोबर संपते. कायमच्या भांडवलाची मंडळी मनुष्याप्रमाणें मरत नाहीं. तिचें येणें विसाव्या वर्षींही वसूल करावयाचें असतें आणि तिचा राग तिसऱ्या पिढीसही आठवतो.

या कंपनीचें पश्चिम किनाऱ्यावरील मुख्य ठाणें सुरत होतें. तेथें वखार घालण्यास जहांगीर बादशहाचें फर्मान १६१३ सालीं मिळालें, आणि पुढें १६१५ पासून १६१९ पर्यंत सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून येथें राहून गेला. राजापूर तेव्हां विजापूरकर आदिलशहाच्या राज्यांत होतें. खाडीनें समुद्राशीं जोडलेलें आणि अणुस्कुऱ्याच्या घाटानें कोल्हापूरच्या बाजूस देशाशीं जोडलेलें हें बंदर मिऱ्यांच्या व कापडाच्या व्यापाराचें मोठें ठिकाण होतें. तेथें इंग्रजांनीं १६४९ च्या सुमारास वखार मांडली. लंडनचे मालक सुरतेच्या अध्यक्षास व त्याच्या कौन्सिलास लिहीत, सुरतकर राजापूरच्या गुमास्त्यांस लिहीत, आणि राजापूरचे गुमास्ते विजापूरच्या अंमलदारांशीं व्यवहार करीत. एका पत्राचें उत्तर लंडनाहून येण्यास वर्ष उलटून जाई. म्हणजे जो निर्णय घेई त्यास परिस्थिति दिसत नसे, व ज्यास परिस्थिति दिसे त्यास पुरता अधिकार नसे. अशा मंडळीशीं बोलणें करणाऱ्या राजापुढें पहिला प्रश्न हाच कीं, हिनें वचन मोडलें तर धरावयाचें कोणास?

३. पन्हाळ्यावरचे गोळे

या प्रश्नाचें उत्तर देण्याची वेळ लवकरच आली. १६६० सालीं सिद्दी जौहरानें पन्हाळ्यास वेढा घातला, त्या वेळीं राजापूरचा मुख्य गुमास्ता हेन्री रेव्हिंग्टन हा आपल्या सोबत्यांसह तोफ व दारूगोळा घेऊन जौहराच्या मदतीस गेला, आणि इंग्रजांचें निशाण लावून किल्ल्यावर गोळे टाकण्यांत आले. शिवाजी महाराज १३ जुलै १६६० च्या रात्रीं वेढ्यांतून निसटून विशाळगडास गेले ही कथा सर्वांस ठाऊक आहे. ज्या परदेशी मंडळीस केवळ व्यापाराकरितां जागा मिळाली होती, तिनें यजमान राज्याच्या अंतर्गत युद्धांत एका पक्षाकडून शस्त्र उचललें, हा या प्रसंगाचा आमच्या विषयाशीं संबंध आहे.

पुढच्या वर्षीं, म्हणजे १६६१ सालीं, महाराजांनीं राजापूर घेतलें, वखार लुटली व रेव्हिंग्टनसह इंग्रजांस कैद केलें. ते १६६३ सालीं सुटले. कैदेंत असतां त्यांनीं सुरतेकडे गाऱ्हाणीं लिहिलीं कीं, आम्ही कंपनीच्या नोकरींत असतां हें संकट ओढवलें, कंपनी आम्हांस सोडवीत कां नाहीं? त्यावर सुरतेच्या कौन्सिलानें दिलेलें उत्तर फार मार्मिक आहे. कंपनीच्या मालाचें रक्षण करतांना तुम्ही पकडले गेलां नाहीं. पन्हाळ्याच्या वेढ्यास जाऊन, सर्वांस ओळखूं येणाऱ्या इंग्रजी निशाणाखालीं गोळे फेंकले म्हणून पकडले गेलां, असा त्याचा आशय आहे.

या उत्तरांत परदेशी मंडळीचें सारें रहस्य सांठविलें आहे. गुमास्त्यानें केलेला फायदा मंडळीचा, आणि गुमास्त्याचा अपराध गुमास्त्याचा! महाराजांच्या हातीं कंपनी लागणें शक्य नव्हतें, कारण ती लंडनांत होती. हातीं लागण्यासारखा होता तो रेव्हिंग्टन. परकीय मंडळीस आपल्या मुलखांत थारा देणारें राज्य या अडचणींतून आजही सुटलेलें नाहीं. भारताच्या २०१३ च्या कंपनी कायद्यांत प्रत्येक कंपनीचा निदान एक संचालक तरी आर्थिक वर्षांत १८२ दिवसांहून कमी नाहीं इतका काळ भारतांत राहिलेला असावा, अशी अट आहे. मालक कोठेंही असोत, जाब विचारण्यास एक माणूस येथें असला पाहिजे, हाच तिचा व्यवहारांतील उपयोग होय.

४. १६७४ चीं कलमें

राजापूरच्या लुटीची भरपाई मागण्यांत इंग्रजांचीं बरींच वर्षें गेलीं. दरम्यान त्यांची स्थिति बदलली होती. पोर्तुगालच्या राजकन्येच्या विवाहानिमित्त १६६१ च्या तहानें मुंबई इंग्लंडच्या राजास मिळाली, आणि १६६८ सालीं ती त्यानें वर्षाला १० पौंड खंडावर कंपनीस दिली. मुंबईस धान्य, लांकूड व देशावरचा माल यावयाचा तो महाराजांच्या मुलखांतून. तेव्हां सुरतेचा अध्यक्ष व मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड आंजियर यानें १६७२ पासून एकामागून एक वकील पाठविले, आणि अखेर १६७४ सालीं हेन्री ऑक्झिंडन हा रायगडास आला. शके १५९६ आनंदनाम संवत्सरीं ज्येष्ठ शुद्ध १३ स झालेल्या राज्याभिषेकाच्या समारंभास तो हजर होता. त्याच्या रोजनिशींत ही तारीख ६ जून अशी येते. ती इंग्लंडांत तेव्हां चालू असलेल्या जुन्या पंचांगाची असून नव्या पंचांगाप्रमाणें ती १६ जून होते. बोलणें मुख्यतः निराजी पंडितांच्या मार्फत झालें.

इंग्रजांनीं जीं कलमें मागितलीं त्यांतील मुख्य येणेंप्रमाणें होतीं. राजापूरच्या नुकसानीची भरपाई मिळावी. राजापूर, दाभोळ, चौल व कल्याण येथें वखारी घालूं द्याव्या. सर्व राज्यांत व्यापार करूं द्यावा व मालाची किंमत आमची आम्हांस ठरवूं द्यावी, कोणीं जबरीनें भाव लादूं नये. आयात मालावर जकात शेंकडा अडीचच असावी. इंग्रजांचें नाणें महाराजांच्या राज्यांत व महाराजांचें नाणें मुंबईस चालावें. आणि इंग्रजांचीं किंवा त्यांच्या रयतेचीं गलबतें वादळानें किनाऱ्यास लागून फुटलीं तर तीं मालासह परत द्यावीं. यांखेरीज जंजिऱ्याच्या सिद्दीशीं तह करावा अशीही विनंति ऑक्झिंडननें केली. ती महाराजांनीं मानली नाहीं.

आतां कोणतें कलम कसें निकालांत निघालें तें पाहण्यासारखें आहे. वखारींस परवानगी मिळाली. व्यापाराची मोकळीक मिळाली. अडीच टक्के जकात मान्य झाली. भरपाईदाखल १०,००० होन कबूल झाले; पण ते रोख मोजून न देतां कांहीं मालाच्या खरेदींत व कांहीं जकातीच्या माफींत वळते व्हावे अशी योजना झाली. ही योजना चतुरपणाची होती, कारण भरपाई हवी असेल तर इंग्रजांनीं राजापुरास येऊन व्यापार केलाच पाहिजे असा तिचा परिणाम होता.

अडखळलीं तीं दोनच कलमें, नाण्याचें व फुटलेल्या गलबतांचें. नाण्याविषयीं महाराजांचें म्हणणें असें कीं, कोणतेंही नाणें चालण्यास आमची मनाई नाहीं. पण ज्यांत रयतेचें नुकसान होईल असें नाणें घेण्याची तिच्यावर सक्तीही आम्ही करणार नाहीं. तुमचें नाणें कसास व वजनास मोंगलांच्या व इतर राजांच्या नाण्यासारखें असेल तर तें आपोआप चालेल. राज्याभिषेकाबरोबर स्वतःचें नाणें व स्वतःचा शक चालविणाऱ्या राजानें दिलेलें हें उत्तर आहे, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे त्याचें मोल कळतें.

५. फुटलेलें गलबत कोणाचें?

गलबतांच्या कलमास मात्र स्पष्ट नकार मिळाला. दोन कारणें सांगण्यांत आलीं. एक, वादळानें किनाऱ्यास लागलेलें गलबत व माल राजाचा, हा कोंकणचा पूर्वापार कायदा आहे. दुसरें, हा हक्क इंग्रजांस दिला तर फ्रेंच, डच व इतर व्यापारीही तोच मागतील, आणि पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट मोडल्यावांचून तो देतां येणार नाहीं.

येथें शास्त्र व वहिवाट यांचा विरोध आहे, हें प्रांजलपणें सांगितलें पाहिजे. कौटिल्यानें नावध्यक्षाच्या प्रकरणांत वाऱ्यानें झोडपलेल्या नावेवर पित्याप्रमाणें अनुग्रह करावा, आणि पाण्यानें भिजलेल्या मालाची जकात माफ किंवा निम्मी करावी असें सांगितलें आहे. परंतु किनाऱ्यावरची वहिवाट अनेक ठिकाणीं याच्या उलट होती. याचा उत्तम पुरावा आंध्र किनाऱ्यावरील मोटुपल्ली येथें काकतीय गणपतिदेवाच्या शके ११६६ च्या शिलालेखांत मिळतो. पूर्वींचे राजे वादळानें लागलेल्या जहाजांचें सर्वस्व हरण करीत. आम्ही मात्र ठराविक शुल्काखेरीज कांहीं घेणार नाहीं, असें परदेशी व्यापाऱ्यांस तेथें अभय दिलें असून शुल्काचा दर तीसांस एक असा आहे. म्हणजे एका राजानें स्वतःच्या इच्छेनें हा हक्क सोडल्याचें उदाहरण शिवकालापूर्वीं सव्वाचारशें वर्षांचें आहे.

मग महाराजांनीं तो कां सोडला नाहीं? केवळ उत्पन्नाचा लोभ हें कारण पुरेसें वाटत नाहीं, कारण जकातींत त्यांनीं याहून मोठी गोष्ट दिली होती. आमच्या मतें भेद असा आहे. गणपतिदेवाचें अभय सर्व देशांच्या व्यापाऱ्यांस सारखें होतें. तें राजानें आपल्या अधिकारानें दिलेलें शासन होतें. इंग्रज मागत होते तो एका मंडळीस करारानें बांधून द्यावयाचा खास हक्क. तो दिला कीं किनाऱ्याचा कायदा राजाचा न राहतां कराराचा होतो, व जो तो आपल्या कराराचा कागद घेऊन उभा राहतो. कोंकणच्या व्यापाराविषयीं महाराजांची दृष्टि किती बारीक होती हें १६७१ च्या मिठाच्या पत्रावरूनही दिसतें. बारदेशचें स्वस्त मीठ आल्यानें संगमेश्वराकडील मिठाचा व्यापार बुडूं नये म्हणून, तें महाग पडेल अशी जबर जकात बसविण्याची आज्ञा त्यांत कुडाळच्या अंमलदारास आहे. जकात कोठें हलकी ठेवावी व कोठें जड करावी हें ज्यास कळत होतें, त्याचा १६७४ चा नकार अजाणतेपणाचा म्हणतां येत नाहीं.

६. आज्ञापत्र व बादशाही फर्मान

सुमारें चाळीस वर्षांनीं हीच दृष्टि रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत राजनीतीचा नियम होऊन बसली. साहुकार व व्यापारी हे राज्याचें भूषण, त्यांस परदेशांहून बोलावून वसवावें, असें सांगून अमात्य लगेच टोपीकरांस निराळे काढतात. यांच्या प्रत्येकाच्या पाठीशीं एकेक राजा आहे, यांचें बळ आरमार व दारूगोळा यांत आहे, आणि जागा हातीं आली कीं ती हे सोडीत नाहींत. यास्तव त्यांस आमदरफ्तीपुरतें येऊं द्यावें. वखारीस जागा देणें भाग पडलें तर ती खाडीच्या किंवा समुद्राच्या कांठीं न देतां चार आठ कोस आंत, मोठ्या शहराच्या आटोक्यांत व सखल अशी द्यावी, आणि पक्की इमारत बांधूं देऊं नये. फ्रेंचांस राजापुरास दिलेल्या जागेचा दाखला तेथें आला आहे, त्यावरून या नियमामागें राजापूरचा अनुभव होता हें दिसतें.

आज्ञापत्राच्या काळाशीं अगदीं लागून, १७१७ सालीं, फर्रुखसियर बादशहानें याच कंपनीस फर्मान दिलें. बंगाल्यांत वर्षास ३,००० रुपयांवर सर्व जकात माफ. सुरतेस १०,००० रुपयांवर माफ. आणि कंपनीनें मुंबईस पाडलेलें नाणें सर्व बादशाही मुलखांत चालावें. जें नाणें रयतेवर लादण्यास रायगडावर नकार मिळाला, तेंच दिल्लीनें सर्वत्र चालूं केलें. पुढें बंगाल्यांत कंपनीचे नोकर जकातमाफीचीं दस्तकें स्वतःच्या खासगी मालास लावूं लागले. देशी व्यापारी जकात देई व टोपीकर देत नसे. आणि या तंट्यानें नबाबांशीं वैर वाढून १७५७ ची प्लासी, १७६४ ची बक्सार व १७६५ ची दिवाणी येथपर्यंत मजल गेली. दिवाणीचें एकमेव कारण फर्मान होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु फर्मानानें जें दिलें तें व्यापाराची सवलत नसून राज्याच्या उत्पन्नाचा व अधिकाराचा तुकडा होता, यांत शंका नाहीं.

मराठी राज्याच्या बाजूनेंही सर्व सुरळीत झालें असें नाहीं. राजापूरची वखार पुन्हा उघडली, पण तिला पूर्वींचे दिवस आले नाहींत, आणि भरपाईची पूर्ण वसुली इंग्रजांच्या हातीं कधींच पडली नाहीं. शिवाय अमात्यांनीं जी जागा देऊं नये म्हणून सांगितलें, समुद्रांतली, खाडीच्या मुखावरची, तटबंदीची, ती मुंबई कंपनीजवळ आधींच होती. आणि ती देणारा कोणी मराठी राजा नव्हता, दोन परक्या राजघराण्यांच्या सोयरिकीनें ती मिळाली होती. नियम चांगला असून तो लागू करावयास उशीर झाला होता, एवढेंच म्हणतां येईल.

७. संग्राहकांस विनंति

या सर्व हकीकतींत एक उणीव वाचकांच्या लक्षांत आली असेल. रायगडावर काय बोलणें झालें तें आपण मुख्यतः इंग्रजी वखारीच्या पत्रांतून व ऑक्झिंडनच्या रोजनिशींतून जाणतों. निराजी पंडितांचीं उत्तरें आपणांस ऐकूं येतात तीं प्रतिपक्षाच्या लेखणींतून. प्रतिपक्षानेंही तीं इतक्या मानानें नोंदविलीं हें खरें. पण घरचा कागद तो घरचाच. राजापूर, जैतापूर, दाभोळ, चौल व कल्याण या भागांतील देसाई, देशमुख, जकातदार व दुभाषे यांच्या घराण्यांतले जे रुमाल अद्याप सोडले गेले नसतील, त्यांत टोपीकर, इंगरेज, फरासीस किंवा वलंदेज या शब्दांवर नजर ठेवावी. कौलनामा असो, जकातीची फर्द असो, गोदामाच्या भाड्याची पावती असो, कोणताही कपटा क्षुल्लक मानूं नये. तारखा जुळवितांना इंग्रजी कागदांत १७५२ पर्यंत जुनें पंचांग चालू होतें व त्यांचें वर्ष २५ मार्चास सुरू होई, हें विसरूं नये. नाहीं तर जानेवारीपासून मार्चपर्यंतच्या पत्रांचें साल एकानें चुकतें.

परदेशीं मंडळी मांडणाऱ्यास जागा, जकातीचा दर, मालाच्या किंमतीची मोकळीक व आपल्या मालाची हमी हवी असते. हें मागणें स्वाभाविक असून त्यांतलें पुष्कळसें देणें राज्याच्याही हिताचें असतें. देणाऱ्यानें पाहावयाचें तें इतकेंच कीं, आपण व्यापार देत आहों कीं अधिकार देत आहों. १६७४ सालीं रायगडावर हा हिशेब बरोबर मांडला गेला होता. त्याचा मूळ मराठी कागद कोणा संग्राहकाच्या दप्तरांतून बाहेर आला, तर मंडळास त्याहून मोठा लाभ नाहीं.